नव्या गावात आलो, लेकरू लहान, सांभाळायला कोणी नाही: काम शोधताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्न होऊन आलेली सून, पुण्याहून किंवा सुरतेहून परतलेलं जोडपं, नवऱ्याच्या बदलीमुळे तालुक्याच्या गावात आलेली बाई, गोसीखुर्द धरणाच्या पाण्यामुळे पुनर्वसनाच्या गावठाणात गेलेलं घर, किंवा लेकरं घेऊन कायमची माहेरी आलेली मुलगी. कारणं वेगळी असली तरी अडचण एकच: हातात काम हवं आणि कडेवर लेकरू आहे. विदर्भाच्या खेड्यांत पैसे देऊन ठेवावं असं पाळणाघर सहसा नसतंच. जे उपलब्ध आहे, त्यातून सोय कशी लावायची ते इथे दिलं आहे.

आधी काम शोधायचं की लेकराची सोय लावायची?

आधी तास मोजा. लेकरू तुमच्याशिवाय कोणाकडे, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत राहू शकतं, ते कागदावर लिहा. समजा अंगणवाडी दहा ते दोन आहे आणि शेजारची आजी आणखी एक तास बघते. म्हणजे पाच तास झाले. त्यातून जाण्यायेण्याचा एक तास वजा केला की उरतात चार. या चार तासांत जे काम बसतं, तेच सध्या तुमचं काम.

बहुतेक जणी उलटं करतात. मुकादमाला आधी हो म्हणतात, दोन दिवस जातात, तिसऱ्या दिवशी लेकरू तापतं आणि खाडा पडतो. टोळीत सात बाया ठरलेल्या असतात. एक आली नाही तर तिचं काम बाकीच्यांवर पडतं आणि पुढच्या वेळी तिला हाक येत नाही. गावात जुन्या बाईचे चार खाडे पोटात घेतले जातात, नवीन बाईचा एकच लक्षात राहतो. म्हणून सुरुवातीला कमी तासांचं पण न चुकता करता येईल असं काम धरा.

हिशोब आजचा नाही, वर्षाचा करा. बाहेरून आलेल्यांना इथलं वेळापत्रक माहीत नसतं. उन्हाळ्यामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास उघडतात. मार्चपासून शाळा सकाळची होते आणि मोठं पोरगं बाराच्या आत घरी येतं. दिवाळीची सुट्टी तर नेमकी सोयाबीन आणि कापूस ऐन भरात असताना येते. हे तीन खड्डे आधीच दिसले तर त्या आठवड्यांपुरता माणूस शोधून ठेवता येतो.

अंगणवाडीत दोन वर्षांचं लेकरू बसवून घेतात का?

नियमाप्रमाणे अंगणवाडीत बसून शिकण्याचा आणि गरम आहाराचा वयोगट ३ ते ६ वर्षं आहे. ६ महिने ते ३ वर्षांच्या मुलाला घरी न्यायचा आहार मिळतो, ज्याला सगळे टीएचआर म्हणतात. त्याला तिथे दिवसभर ठेवायची सोय त्यात नाही. सेविकेकडे लसीकरणाच्या याद्या, गृहभेटी आणि मोबाइलवरच्या नोंदी असं बरंच काम असतं. तुमचं दोन वर्षांचं लेकरू तिने बसू दिलं तर तो तिचा चांगुलपणा समजा, आणि पर्यवेक्षिका येणार असेल त्या दिवशी ती नाही म्हणाली तर रागावू नका.

केंद्राच्या ‘मिशन शक्ती’मध्ये ‘पाळणा’ नावाची योजना आहे. तिच्यात अंगणवाडीलाच जोडून ६ महिने ते ६ वर्षांच्या मुलांसाठी पाळणाघर चालवतात. ते सगळ्या गावांत नाही. तुमच्या तालुक्यात आहे का, हे एकात्मिक बालविकास सेवा प्रकल्पाच्या कार्यालयात, म्हणजे बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे विचारा. गावात काम करणाऱ्या पंधरा-वीस आया असतील तर ग्रामसभेत ठराव घेऊन मागणी करा. तोंडी मागणीची नोंद कुठेच राहत नाही, ठरावाची राहते.

आधार आणि रेशन कार्ड जुन्या गावचं आहे. अंगणवाडीत नाव लागेल?

लागेल. मुलाचं आधार नसलं तरी आईच्या आधारवर नोंद होते. घोटाळा दुसरीकडेच होतो. मुलाचं नाव जुन्या गावच्या अंगणवाडीत पोषण ट्रॅकरवर, म्हणजे सेविकेच्या मोबाइलवरच्या नोंदीत, चालू असतं आणि नवीन सेविका नोंद करायला गेली की अडकते. म्हणून निघण्यापूर्वी, किंवा आता फोन करून, जुन्या सेविकेकडून नाव स्थलांतरित करून घ्या. सोबत लसीकरणाचं माता-बाल संरक्षण कार्ड हवंच. टीएचआर वाटताना आता नोंदवलेल्या लाभार्थीचा चेहरा मोबाइलवर तपासतात, त्यामुळे वाटपाचा दिवस विचारून घ्या आणि त्या दिवशी सकाळचं काम धरू नका.

मोठ्या मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला आला नसला तरी शाळेला प्रवेश अडवता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे.

मग तीन वर्षांखालचं लेकरू ठेवायचं कुठे?

याला शासकीय उत्तर अपुरं आहे. खेड्यात चालतो तो मार्ग म्हणजे चार-पाच घरांनी मिळून एक माणूस ठेवणं. तो नीट लावला तर वर्षभर टिकतो, घाईत लावला तर पंधरा दिवसांत भांडण होतं.

माणूस कोण? साठीच्या आसपासची, वावरात जाणं सोडलेली पण हिंडती-फिरती बाई सगळ्यात बरी. चालायला लागलेली तीन-चार लेकरं एकीला झेपतात. त्यात रांगणारं एक असेल तर तीनच. पाचवं आलं की दुसरी बाई हवी, मग ती एखादी घरी असलेली बाळंतीण का असेना. सगळ्यांनी मोफत पाळी लावायची पद्धतही आहे: आज तू थांब, उद्या मी. पण कापसाला भाव असला की पाळी मोडते, कारण कोणालाच थांबायचं नसतं. हंगामात पैसे देऊनच माणूस ठेवा आणि पाळी मोकळ्या दिवसांसाठी राहू द्या.

पैसे कधी? मजुरीचा चुकारा बहुतेक गावांत आठवडी बाजाराच्या दिवशी होतो. सांभाळणाऱ्या बाईचेही त्याच दिवशी द्या. काम नसलं, पाऊस लागला, तरी निम्मे द्यायचे की नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवा. बहुतेक सोयी इथेच मोडतात. तीन दिवस झड लागते, आया घरी राहतात आणि म्हातारीला काहीच मिळत नाही. चौथ्या दिवशी ती दुसऱ्याच्या घरी भांडी घासायला गेलेली असते.

जागा बघताना घर मोठं आहे का, हे नंतर बघा. आधी फवारणीच्या बाटल्या कुठे ठेवल्या आहेत ते विचारा. आपल्याकडे कीटकनाशकं आणि धान्यात ठेवायच्या गोळ्या राहत्या घरातच, कधी खाटेखाली, कधी पाण्याच्या माठाशेजारी ठेवलेल्या असतात. कुलुपाची पेटी नसेल तर ते घर नको. शीतपेयाच्या बाटलीत औषध काढून ठेवायची सवय असेल तरीही नको. मग कठडा नसलेली विहीर, उघडा हौद आणि भरलेली बादली बघा, कारण रांगतं मूल वीतभर पाण्यातही बुडतं. चूल आणि लेकरांमध्ये आडोसा हवा. उन्हाळ्यात टिनाच्या छपराखाली दुपारी लेकरू ठेवू नका. कवेलूचं, म्हणजे कौलारू घर किंवा दाट सावलीचं अंगण बरं.

लेकरासोबत रोज दोन फडकी, स्वतःची वाटी-चमचा, उकळून गार केलेलं पाणी आणि ओआरएसची पुडी द्या. पुडी एक लिटर पाण्यातच कालवायची, पेल्यात नाही, हे बाईला दाखवून द्या. भिंतीवर कोळशाने आयांचे मोबाइल नंबर आणि १०८ मोठ्या अक्षरांत लिहा.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी हा मार्ग नाही. त्याला दर दोन-तीन तासांनी पाजावं लागतं. काढून ठेवलेलं दूध २५ अंशांच्या आसपास चार तास टिकतं; आपल्याकडे मे महिन्यात घरातला माठसुद्धा तेवढा थंड नसतो.

मोठ्या मुलीला घरी ठेवलं तर?

नको. धानाच्या रोवणीत (लावणीत) आणि कापसाच्या वेचणीत पाचवी-सहावीतल्या मुलींची गैरहजेरी कशामुळे पडते, हे प्रत्येक शिक्षकाला माहीत असतं. कायद्याने ६ ते १४ वयात ती शाळेतच असायला हवी. कायदा बाजूला ठेवला तरी, घशात शेंगदाणा अडकला किंवा लेकरू हौदाकडे गेलं तर दहा वर्षांची पोरगी गोंधळते. शाळा सुटल्यावर तासभर भावाला खेळवणं वेगळं, आणि दिवसभर घर तिच्यावर टाकून जाणं वेगळं.

सांभाळायला पैसे दिल्यावर हातात काय उरतं?

समजा रोजी ३०० रुपये आहे, सांभाळायचे ६० आणि ऑटोचे ४०. हातात २०० उरतात. गावातच पायी जाऊन अर्ध्या दिवसाचं २०० रुपयांचं काम मिळालं आणि ते अंगणवाडीच्या वेळेत बसलं, तर तेवढीच मिळकत निम्म्या वेळात होते. म्हणून रोजीचा आकडा ऐकून हुरळू नका. दूरच्या वावरासाठी जाण्याचे पैसे कोण देणार, हे आधी विचारा. मजुरांची टंचाई असली की शेतकरी स्वतः गाडी पाठवतो.

तालुक्याला जायचं असेल तर एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे आणि पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. शेवटची बस किती वाजता, हे मात्र मालकाशी बोलण्याआधी बघा.

शेतीतली कोणती कामं लेकराच्या वेळेत बसतात?

कामाची विभागणी दोन भागांत करा: रोजाचं काम आणि वजनावरचं काम. रोजाच्या कामात ठरलेल्या वेळेला पोचायचं आणि संध्याकाळपर्यंत थांबायचं. वजनावरच्या कामात उशिरा आलात तर नुकसान फक्त तुमचं, टोळीचं नाही. लहान लेकराच्या आईला वजनावरचं काम मानवतं.

कापसाची वेचणी त्यात पहिली. ऑक्टोबरपासून थंडी सरेपर्यंत ती चालते आणि किलोवर पैसे मिळतात. दव असताना वेचलेला कापूस ओला भरतो, म्हणून चांगला शेतकरी ऊन पडल्याशिवाय बाया लावतच नाही. त्यामुळे लेकरू अंगणवाडीत सोडून जाता येतं. पहिल्या वेचणीत बोंडं भरलेली असतात आणि वजन पटकन भरतं. शेवटच्या वेचणीत दिवसभर वाकूनही गाठोडं हलकं राहतं, तेव्हा दर वाढवून मागा किंवा रोजीवर जा. वजन आपल्यासमोर करून घ्या आणि रोजचा आकडा आपल्याही वहीत मांडा.

सोयाबीनची कापणी मात्र उलटी. ऊन चढलं की वाळलेल्या शेंगा तडकतात, म्हणून कापणी भल्या सकाळी सुरू होते. ती बहुधा एकराच्या हुंड्यावर, म्हणजे ठोक रकमेवर, टोळीने केली जाते आणि सगळ्यांना घाई असते. लेकरू वर्षाचं असेल तर या कामाच्या मागे लागू नका.

निंदण, म्हणजे तण काढायचं काम, जुलै-ऑगस्टमध्ये निघतं, रोजावर असतं, पण अर्धा दिवस देणारे शेतकरी भेटतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या धानपट्ट्यात याच दिवसांत रोवणी असते. पैसा बरा, पण चिखल, पाऊस आणि दिवसभर वाकणं. सांभाळणारी पक्की असेल तरच जा. जंगलपट्ट्यात मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल पहाटे वेचायचं असतं, लेकरू उठायच्या आत बरंचसं काम होतं. मात्र कोणतं झाड कोणत्या घराचं, हे विचारल्याशिवाय वेचू नका. तेंदूपत्त्याची तोडाई पहाटेची आणि पुडे बांधायचं काम घरच्या सावलीत. घरात दुसरं कोणी तोडायला जात असेल तर बांधायचं काम तुम्ही घ्या. जिथे ग्रामसभा स्वतः पत्ता विकते, तिथे यादीत नाव असल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. नवीन घराने हंगामाआधीच नाव टाकून घ्यावं.

मिरचीचे देठ खुडायचं काम भिवापूरकडच्या पट्ट्यात बाया मोठ्या संख्येने करतात. बसून असतं, वजनावर असतं, पण लेकरू सोबत नेण्यासारखं अजिबात नाही. घरी आल्यावर साबणाने हात धुऊनही आग राहते. आधी हाताला तेल चोळून, मग साबण लावून धुवा, लुगडं बदला आणि मगच लेकराला घ्या. विडीचं काम घरी होतं म्हणून सोयीचं वाटतं. तंबाखूची धूळ लेकराच्या नाकातोंडात जाते, त्यामुळे तेही त्याच खोलीत करू नका.

लेकरू वावरात सोबत नेलं तर चालेल?

हिवाळ्यात, जवळच्या वावरात, सावली आणि कोणीतरी नजर ठेवणारं असेल तर चालतं. झोळी बांधायची तर जिवंत, मनगटापेक्षा जाड फांदीला, जमिनीपासून गुडघ्याएवढ्याच उंचीवर. आधी स्वतःचा भार टाकून बघा. खाली मुंग्यांचं वारूळ नको. फवारणी चालू असलेल्या किंवा नुकतीच झालेल्या वावरात लेकरू नेऊ नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने धडधाकट मजूर दगावले, लेकराचं तर वजनच किती. ‘काल फवारलं का?’ हा प्रश्न कामाला हो म्हणण्याआधी विचारा. मळणीयंत्राजवळ, विजा कडाडताना झाडाखाली आणि एप्रिलनंतरच्या दुपारी तर नाहीच.

रोहयोच्या कामावर लेकरू नेता येतं का?

२००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या अनुसूची २ मध्ये तरतूद आहे: कामावर बायांसोबत पाच किंवा जास्त लहान मुलं असतील तर त्यांच्यातल्याच एकीला मुलं सांभाळायला नेमायचं आणि तिलाही मजुरी द्यायची. सावली आणि पिण्याचं पाणीही द्यायचं. प्रत्यक्षात हे आपोआप होत नाही. पाच आयांनी मिळून, मुलांची नावं आणि वयं लिहून, काम मागतानाच अर्ज दिला तर ग्राम रोजगार सेवकाला एकीचं नाव त्या कामासाठी लावावं लागतं.

मागणी नमुना ४ वर द्यायची आणि तारखेची पोच घ्यायची. १५ दिवसांत काम नाही तर बेरोजगार भत्त्याचा हक्क त्या पोचेवरूनच ठरतो. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला, त्यामुळे वरच्या तरतुदी, नमुन्यांचे क्रमांक आणि दिवसांची संख्या ग्रामपंचायतीत विचारून घ्या. लेखी मागणी आणि पोच मात्र सोडू नका.

नवीन आलेल्यांचे दोन घोळ ठरलेले. पहिला, माहेरच्या जॉबकार्डावरून नाव कमी झालेलं नसतं, म्हणून सासरच्या कार्डावर चढत नाही. दुसरा, मजुरी आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. ते खातं पुण्याच्या बँकेचं असेल तर पैसे तिकडे पडतात आणि इथे बाई ‘मजुरीच आली नाही’ म्हणून चकरा मारते. बँकेत जाऊन ‘आधार कोणत्या खात्याला जोडलंय’ एवढंच विचारा. हजेरी मोबाइलवर फोटो काढून दिवसातून दोनदा होते, म्हणून मधेच लेकराला पाजायला घरी जायचं असेल तर दुसऱ्या फोटोच्या आत परता.

बचत गटात नवीन बाईला घेतात का?

घेतात, पण जुन्या गटात जागा मिळणं अवघड, कारण त्यांची बचत आधीच जमलेली असते. उमेद अभियानात, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानात, गट १० ते २० बायांचा असतो. नव्या वस्तीत तुमच्यासारख्या दहा जणी असतील तर गावच्या समुदाय संसाधन व्यक्तीकडे, म्हणजे उमेदचं काम बघणाऱ्या बाईकडे, नवीन गटाची मागणी करा. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोबाची वही या पाच गोष्टी सांभाळल्या तरच पुढचा फिरता निधी आणि बँकेचं कर्ज. पहिले सहा महिने गटातून कमाईची अपेक्षा नको. ओळख मात्र होते, आणि सांभाळायला माणूस बहुधा त्याच ओळखीतून मिळतो.

दारावर येणाऱ्या आठवडी हप्त्याच्या कर्जापासून जपून राहा. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांकडून वसूल होतो, आणि नवीन गावात पहिलीच ओळख अशी व्हायला नको.

शिलाई शिकावी का?

शिकावी, पण गावात मशिनी किती आहेत ते आधी मोजा. सहा मशिनी असलेल्या छोट्या गावात सातवीला फक्त पिको-फॉलचं काम उरतं. जिल्ह्याच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आरसेटीत, प्रशिक्षण मोफत असतं, पण निवासी. रोज ये-जा करता येईल का, हे अर्ज करतानाच विचारा. पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपी हा व्यवसाय आहे, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे आणि घरातल्या एकालाच लाभ मिळतो. ती आधीपासून काम करणाऱ्यांसाठी आहे; ‘फुकट मशीन मिळवून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटला दारात उभं करू नका.

‘घरबसल्या पेन्सिल पॅकिंग, महिन्याला तीस हजार’ या जाहिरातींचंही तेच. आधी नोंदणी फी मागितली की फोन ठेवा.

अंगणवाडी मदतनीस किंवा आशा म्हणून अर्ज करता येईल?

दोन्हींसाठी त्याच गावची रहिवासी असणं ही मुख्य अट आहे. म्हणून आल्याबरोबर आधारवरचा पत्ता बदला आणि रहिवासाचे कागद गोळा करायला लागा. सेविका-मदतनीस पदांसाठी बारावी आणि हयात अपत्यं दोनपेक्षा जास्त नसणं, ही अटही असते. जाहिरात ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते आणि मुदत थोडी असते. महिन्यातून एकदा फलक वाचा. शालेय पोषण आहाराच्या स्वयंपाकी-मदतनिसाचं मानधन थोडं, पण वेळ शाळेची आणि मोठं पोरगं समोर. त्याची निवड शाळा व्यवस्थापन समिती करते. समितीत पालकच असतात, म्हणून बैठकीला जा.

बुटीबोरीसारख्या औद्योगिक वसाहतीत काम मिळालं तर?

५० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय कायद्याने हवी, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे. ठेकेदारामार्फत लागलात तर ‘आमचे तर वीसच मजूर’ असं उत्तर मिळतं. मुलाखतीतच पाळणाघर कुठे आहे, ते दाखवा म्हणा. कुलूप लावलेली खोली दाखवली तर तिथे सोय नाही असं समजून आपला हिशोब करा.

लेकरांची आई नाही, बाप एकटाच आहे. हे सगळं त्याला लागू आहे का?

अंगणवाडी, शाळा, जॉबकार्ड सगळं लागू. अडते ती सांभाळणारी बाई, कारण एकट्या पुरुषाच्या घरी यायला बाया बिचकतात. लेकरू त्याच्या घरी सांभाळायला बोलावण्यापेक्षा तिच्या घरी नेऊन सोडावं, आणि बोलणी गावातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईला सोबत घेऊन करावीत. टीएचआर घ्यायला कोण येणार, त्याची नोंद सेविकेकडून आधीच बदलून घ्यावी.